हार्डवेअर बदलानंतर संगणक सुरू न होणे

हार्डवेअर बदलानंतर संगणक सुरू न होणे ही वैयक्तिक संगणकाच्या देखभालीत वारंवार उद्भवणारी अडचण आहे. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, मदरबोर्ड किंवा एसएमपीएस यांपैकी एखादा भाग नव्याने बसवल्यावर आधी व्यवस्थित चालणारा संगणक मुळीच चालू होत नाही, चालू होऊनही पडद्यावर काही दाखवत नाही, अथवा ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबतो. अशा सर्व अवस्थांचा या अडचणीत समावेश होतो.

इतर बिघाडांपेक्षा ही अडचण एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. सर्वसाधारण बिघाडात दोष कधी आणि कोठे निर्माण झाला हे ठाऊक नसते. येथे मात्र शेवटचा बदल कोणता, हे निश्चितपणे माहीत असते. त्यामुळे तो बदल हाच निदानाचा पहिला पुरावा ठरतो. बहुतेक प्रसंगी भाग निकामी झालेला नसतो. तो नीट बसलेला नसतो, इतर भागांशी जुळत नसतो किंवा मदरबोर्डवरील जुन्या फर्मवेअरला त्याची ओळख नसते. हा भेद लक्षात न आल्यास सुस्थितीतील भाग टाकून दिले जातात, अनावश्यक खर्च होतो आणि घाईने केलेल्या उपायांत साठवलेली माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका संभवतो.

== इतिहास ==

इ.स. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात चालू होताना स्वतःची तपासणी करणारी आज्ञावली मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत साठवलेली होती. या मूलभूत आज्ञावलीस बायोस व तिच्या आरंभीच्या तपासणीस पोस्ट असे म्हणतात. त्या संगणकात किती रॅम बसवली आहे हे मदरबोर्डवरील बारीक खटक्यांच्या साहाय्याने हाताने नोंदवावे लागे. रॅम वाढवून खटके तसेच ठेवले, तर नवी रॅम वापरात येत नसे. खटके चुकीचे लावले, तर स्मृतीचा दोष दर्शवणारा २०१ हा संकेतांक पडद्यावर येई.

इ.स. १९८४ च्या आयबीएम पीसी एटी या संगणकापासून ही नोंद बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस स्मृतीत ठेवली जाऊ लागली. तरीही पुढील सुमारे दहा वर्षे विस्तार कार्डांवरील जंपर हाताने बदलणे, एकाच केबलवरील दोन हार्ड डिस्कपैकी मुख्य कोणती व दुय्यम कोणती हे ठरवणे, ही कामे वापरकर्त्यालाच करावी लागत. दोन कार्डांना एकच क्रमांक दिला गेला की त्यांचा संघर्ष होई आणि संगणक अडे. इ.स. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर ‘प्लग अँड प्ले’ पद्धतीचा प्रसार झाला व भागांची ओळख बऱ्याच अंशी आपोआप होऊ लागली.

इ.स. २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमने बायोसच्या जागी यूईएफआय या नव्या मानकाचा पुरस्कार केला. त्यामुळे २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवरून संगणक सुरू करणे व प्रारंभिक आज्ञावलीची सत्यता तपासणे शक्य झाले. मात्र जुन्या पद्धतीने स्थापित केलेल्या प्रणाली आणि नवे फर्मवेअर यांच्यातील विसंगती हे अडचणीचे नवे कारण बनले. अशा रीतीने चार दशकांत अडचणीचे मूळ खटके व जंपर यांच्याकडून फर्मवेअरच्या मांडणीकडे सरकले आहे.

== संगणक सुरू होण्याची प्रक्रिया ==

संगणक कोठे थांबला हे ओळखण्यासाठी तो कोणत्या क्रमाने सुरू होतो हे माहीत असणे आवश्यक असते.

# एसएमपीएसला वीज मिळताच ५ व्होल्टचा एक अल्प पुरवठा मदरबोर्डकडे सतत चालू राहतो. कॅबिनेटवरील बटण दाबल्यावर मदरबोर्ड या पुरवठ्याच्या आधारे एसएमपीएसला पूर्ण क्षमतेने चालू होण्याचा संकेत देतो.
# एसएमपीएस १२, ५ व ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. ते स्थिर झाल्यावर तो मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो. हा संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही.
# प्रोसेसर फर्मवेअरमधील पहिली आज्ञा वाचतो आणि पोस्ट सुरू होते. रॅम ओळखून तिचा वेग व वेळा जुळवल्या जातात, नंतर ग्राफिक्स व इतर उपकरणे तपासली जातात.
# फर्मवेअर ठरलेल्या क्रमाने साठवण उपकरणे धुंडाळून त्यांतील प्रारंभिक आज्ञावली शोधतो.
# प्रारंभिक आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा रॅममध्ये आणते व पुढील नियंत्रण त्याच्याकडे सोपवते.

यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते. म्हणून पडद्यावर उत्पादकाचे बोधचिन्ह दिसत असल्यास वीज, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स हे चारही टप्पे किमान प्राथमिक स्वरूपात पार पडले आहेत असे मानता येते. दोष त्यापुढे, म्हणजे बहुधा साठवण उपकरणात किंवा फर्मवेअरच्या मांडणीत असतो.

== लक्षणे व त्यांचा अर्थ ==

| लक्षण | थांबण्याचा संभाव्य टप्पा | प्रथम तपासावयाच्या बाबी |
|---|---|---|
| पंखा, दिवा, आवाज काहीही नाही | वीजपुरवठा | एसएमपीएसमागील बटण, २४ पिनांची जोडणी, कॅबिनेटच्या बटणाची तार |
| क्षणभर पंखे फिरून बंद | शॉर्ट सर्किट किंवा संरक्षक खंडन | मदरबोर्डखालील स्क्रू, प्रोसेसरची वीजजोडणी, नवे कार्ड |
| पंखे फिरतात, पडदा काळा | पोस्ट | रॅमची बैठक, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरची केबल, फर्मवेअरची आवृत्ती |
| पुन्हा पुन्हा आपोआप चालू-बंद | रॅमची जुळणी किंवा वीज | रॅमचा वेग, एकेक रॅम लावून पाहणे |
| बोधचिन्ह दिसते, पण प्रारंभिक उपकरण नसल्याचा संदेश येतो | साठवण उपकरणाचा शोध | प्रारंभक्रम, केबल, यूईएफआय व जुनी पद्धत यांची निवड |
| विंडोजचे चिन्ह येऊन निळा पडदा | ऑपरेटिंग सिस्टिम | साठवण नियंत्रकाची पद्धत, चालक आज्ञावली |

पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच दोष आढळल्यास मदरबोर्ड ध्वनिसंकेतांद्वारे तो कळवू शकतो. संकेतांचा अर्थ फर्मवेअरच्या उत्पादकानुसार बदलतो. उदाहरणार्थ, अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक दीर्घ व दोन ऱ्हस्व ध्वनी हा ग्राफिक्सच्या दोषाचा संकेत आहे. अलीकडील अनेक कॅबिनेटमध्ये ध्वनिक्षेपक नसतो. त्याऐवजी काही मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व साठवण अशा चार नावांचे लहान दिवे असतात. ज्या टप्प्यावर संगणक अडतो, त्या नावाचा दिवा पेटलेला राहतो.

== भागनिहाय कारणे ==

=== रॅम ===

रॅम वाढवणे हा सर्वांत सोपा बदल समजला जातो आणि म्हणूनच त्यातील चुकाही अधिक आढळतात. रॅम पट्टी खाचेत पूर्ण दाबली न जाणे हे पहिले कारण होय. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही प्रकारांच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ पिना असतात, परंतु त्यांची खाच वेगळ्या जागी असते. एका प्रकारची पट्टी दुसऱ्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावल्यास स्लॉट तुटतो. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावणे अपेक्षित असते.

जुन्या व नव्या पट्ट्या स्वतंत्रपणे चालतात, पण एकत्र लावल्यावर चालत नाहीत, असेही घडते. वेग, क्षमता किंवा अंतर्गत रचना भिन्न असल्यास फर्मवेअरला दोहोंना मानवेल अशी मांडणी सापडत नाही. शिवाय डीडीआर५ वापरणाऱ्या संगणकात रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी वेळा जुळवण्याचे काम काही मिनिटे चालू शकते. इ.स. २०२२ मध्ये एएमडीच्या एएम५ मदरबोर्डांचा प्रसार सुरू झाला तेव्हा या काळातील काळा पडदा पाहून संगणक बिघडला असा अनेकांचा समज झाला. अशा वेळी मध्येच वीज बंद करणे टाळून वाट पाहणे हाच उपाय असतो.

=== वीजपुरवठा ===

मदरबोर्डच्या २४ पिनांच्या जोडणीखेरीज प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची स्वतंत्र जोडणी आवश्यक असते. मदरबोर्ड बदलताना ती विसरल्यास पंखे फिरतात, पण पोस्ट सुरू होत नाही. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढील गरजेसाठी ६ पिनांची जोडणी ७५ वॅट व ८ पिनांची जोडणी १५० वॅट पुरवते. प्रोसेसरची व ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला सारखी असली तरी त्यांतील तारांचा क्रम वेगळा असतो. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावणे विशेष धोक्याचे असते, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी उत्पादकागणिक बदलते व चुकीच्या व्होल्टेजमुळे डिस्क जळू शकते.

=== प्रोसेसर व फर्मवेअर ===

नवा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, एवढ्यावरून मदरबोर्ड त्याला चालवेल असे ठरत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण इ.स. २०१८ मधील आहे. एएमडीचे नवे रायझन प्रोसेसर त्याच एएम४ सॉकेटसाठी बनवलेले होते, परंतु आधी उत्पादित झालेल्या मदरबोर्डांवरील फर्मवेअरला ते ओळखता येत नव्हते. फर्मवेअर अद्ययावत करण्यासाठी संगणक सुरू होणे आवश्यक आणि संगणक सुरू होण्यासाठी अद्ययावत फर्मवेअर आवश्यक, असा पेच निर्माण झाला. तो सोडवण्यासाठी कंपनीने ग्राहकांना एक जुना प्रोसेसर तात्पुरता उसना देण्याची योजना राबवली. त्यानंतर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून फर्मवेअर बदलण्याची सोय अनेक मदरबोर्डांवर दिली जाऊ लागली.

यावरून एक साधा नियम निघतो: प्रोसेसर बदलण्यापूर्वी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, मदरबोर्डच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहून फर्मवेअर अद्ययावत करावे. प्रोसेसर किंवा सॉकेट यांची एखादी वाकलेली पिनही पोस्ट रोखू शकते, आणि हे नुकसान सहसा वॉरंटीत धरले जात नाही.

=== ग्राफिक्स कार्ड ===

नवे कार्ड लावल्यानंतर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्याच जोडणीत राहणे ही नेहमीची चूक आहे. याउलट, कार्ड काढून तपासणी करताना प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स आहे काय हे पाहणे आवश्यक असते. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. त्यामुळे कार्डाविना पडदा काळा राहणे हा त्या संगणकातील दोष नव्हे. फार जुनी कार्डे केवळ बायोस पद्धतीने चित्र दाखवतात. जुन्या पद्धतीशी सुसंगतता बंद केलेल्या यूईएफआय संगणकात ती काम करत नाहीत.

=== साठवण उपकरणे ===

एम.२ आकाराच्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात: सॅटा पद्धतीने चालणाऱ्या आणि एनव्हीएमई पद्धतीने चालणाऱ्या. स्लॉट एकच प्रकार स्वीकारत असल्यास दुसऱ्या प्रकारची एसएसडी दिसतच नाही. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट व एखादी सॅटा जोडणी एकाच मार्गिकेवर असतात. नवी एसएसडी लावताच जुनी हार्ड डिस्क नाहीशी होते आणि ती बिघडली असा गैरसमज होतो. वस्तुतः केबल दुसऱ्या सॅटा जोडणीत लावणे पुरेसे असते.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घेतल्यानंतर संगणक सुरू न होण्याचे कारण बहुधा विभाजन पद्धतीत असते. जुन्या बायोस पद्धतीची प्रणाली एमबीआर विभाजनावर व यूईएफआय पद्धतीची प्रणाली जीपीटी विभाजनावर अवलंबून असते. इ.स. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० व सुरक्षित प्रारंभ यांची अट घालण्यात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले. या काळात जुन्या संगणकांत एसएसडी घालून फर्मवेअरमध्ये सुरक्षित प्रारंभ चालू करणे हा अनेकांचा मार्ग होता. मूळ विंडोज एमबीआर विभाजनावर असेल, तर जुनी पद्धत बंद करताच ती सापडेनाशी होते. मांडणी पूर्ववत केल्यास ती बहुधा पुन्हा सुरू होते, व त्यानंतर विंडोजमधीलच साधनाने विभाजनाचे रूपांतर करता येते.

लिनक्स प्रणालीत डिस्कची नावे ती सापडण्याच्या क्रमाने दिली जातात. जोडणीच्या नोंदी अशा नावांवर आधारलेल्या असतील, तर नवी डिस्क लावल्यावर नावे बदलून प्रणाली प्रारंभी अडू शकते. म्हणून अलीकडच्या वितरणांत प्रत्येक विभाजनाचा कायमचा ओळखक्रमांक वापरला जातो.

=== बांधणीतील चुका ===

मदरबोर्ड बदलताना कॅबिनेटमध्ये आधीपासून असलेला एखादा पितळी आधार नव्या मदरबोर्डच्या छिद्राखाली येत नसेल, तर तो त्याच्या पाठीमागील जोडण्यांना टेकून शॉर्ट सर्किट करतो. आत पडलेला स्क्रू, बटणाची चुकीच्या पिनांवर लावलेली तार आणि बंद राहिलेले एसएमपीएसमागील बटण ही कारणे क्षुल्लक वाटली तरी ती आरंभीच तपासणे हिताचे ठरते.

== निदानाची पद्धत ==

निदानाचा गाभा दोन तत्त्वांत सांगता येतो: शेवटचा बदल मागे घेणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणे.

प्रथम वीज पूर्ण बंद करून केबल काढली जाते व उरलेला विद्युतभार निघून जावा म्हणून कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबले जाते. त्यानंतर नवा भाग काढून जुना पूर्ववत लावला जातो. संगणक पुन्हा सुरू झाल्यास शोध नवा भाग, त्याची सुसंगतता व त्याची बैठक एवढ्यापुरता मर्यादित होतो. जुना भाग लावूनही संगणक सुरू होत नसेल, तर बदल करताना दुसरे काही हलले, निसटले किंवा इजा पावले असे मानावे लागते.

या दुसऱ्या स्थितीत संगणक किमान भागांवर आणला जातो: मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, एसएमपीएस आणि आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड. या अवस्थेत पोस्ट पार पडल्यास एकेक भाग वाढवत प्रत्येक वेळी संगणक चालू करून पाहिला जातो. ज्या भागानंतर अडथळा येतो, तेथे दोष असतो. पोस्ट पार पडत नसल्यास रॅमची पट्टी व स्लॉट आलटून पालटून तपासले जातात.

फर्मवेअरची मांडणी मूळ स्थितीत आणण्यासाठी मदरबोर्डवरील ठरलेल्या दोन पिना जोडल्या जातात किंवा ३ व्होल्टचा सीआर२०३२ हा बटण सेल काही मिनिटे काढून ठेवला जातो. जुन्या रॅमसाठी वाढवलेला वेग नव्या रॅमला झेपत नसल्यास हा उपाय परिणामकारक ठरतो. मात्र त्यामुळे प्रारंभक्रम व साठवण नियंत्रकाची पद्धतही मूळ स्थितीत जाते. आधीच्या नोंदी पाहून ठेवल्या नसतील तर एका अडचणीतून दुसरी निर्माण होते. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी फर्मवेअरच्या पडद्यांची व केबलच्या जोडण्यांची मोबाइलवर छायाचित्रे घेणे उपयुक्त असते.

समजा, ८ जीबी रॅम असलेल्या संगणकात आणखी एक ८ जीबीची पट्टी लावली आणि पडदा काळा राहिला. नवी पट्टी काढल्यावर संगणक सुरू झाला, म्हणजे वीज, प्रोसेसर व ग्राफिक्स निर्दोष आहेत. आता जुनी पट्टी काढून त्याच स्लॉटमध्ये केवळ नवी पट्टी लावली आणि संगणक सुरू झाला, तर पट्टीही निर्दोष ठरते. राहतात दोन शक्यता: दुसरा स्लॉट सदोष आहे किंवा दोन पट्ट्यांचा मेळ बसत नाही. जुनी पट्टी एकटीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली की हाही प्रश्न सुटतो. चार चाचण्यांत व कोणताही खर्च न करता निष्कर्ष निघतो. हेच दोन्ही पट्ट्या, केबल आणि फर्मवेअर एकदम बदलून पाहिले असते, तर संगणक सुरू होऊनही कारण अज्ञातच राहिले असते.

== माहितीची सुरक्षितता ==

संगणकाचा भाग पुन्हा विकत घेता येतो. त्यातील प्रबंध, हिशेब किंवा कौटुंबिक छायाचित्रे पुन्हा मिळतीलच असे नाही. त्यामुळे संगणक सुरू होत नाही म्हणून विंडोज नव्याने स्थापित करणे हा शेवटचा उपाय मानला जातो. अडथळा पोस्टच्या टप्प्यावर असेल, तर नव्या स्थापनेचा काहीच उपयोग नसतो. अडथळा त्यापुढे असला तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून माहितीची प्रत आधी काढून घेता येते.

विंडोजमधील बिटलॉकर सांकेतीकरण चालू असल्यास मदरबोर्ड, टीपीएम किंवा सुरक्षित प्रारंभाची मांडणी बदलताच प्रणाली ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर हे सांकेतीकरण आपोआप चालू होते व क्रमांक त्या खात्यात जतन होतो. त्याची वापरकर्त्याला कल्पना नसते. क्रमांक उपलब्ध नसेल, तर डिस्क सुस्थितीत असूनही तीवरील माहिती वाचता येत नाही. बदलापूर्वी हा क्रमांक शोधून कागदावर लिहून ठेवणे आणि फर्मवेअर बदलताना सांकेतीकरणाचे संरक्षण तात्पुरते स्थगित करणे यांमुळे हा प्रसंग टळतो.

प्रत घेतल्यानंतर जुनी डिस्क पुसण्याची घाई करू नये, हाही या क्षेत्रातील रूढ संकेत आहे. नवी एसएसडी काही दिवस निर्वेध चालेपर्यंत जुनी डिस्क हीच सर्वांत विश्वसनीय प्रत असते.

== छत्रपती संभाजीनगर परिसरातील विशेष बाबी ==

संगणकाची रचना जगभर सारखी असली तरी त्याला मिळणारी वीज, हवा व जमीन सारखी नसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, व एकूण मराठवाडा येथे हार्डवेअर बदलताना काही स्थानिक बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब अर्थिंगची. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते आणि संगणकासाठी तीन पिनांची जोडणी आवश्यक असते. हे शहर दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकावर वसले आहे. वेरूळ व अजिंठा येथील लेणी याच प्रकारच्या खडकात कोरलेली आहेत. कठीण व कोरडा बेसाल्ट हा विजेचा चांगला वाहक नाही. त्यावर मातीचा थर उथळ असेल तेथे अर्थिंगचा विरोध वाढतो, उन्हाळ्यात तर अधिकच. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा भरण्याची आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची जुनी प्रथा याच कारणाने पडली आहे.

अर्थिंग तुटलेले असल्यास एसएमपीएसमधील गाळणीच्या धारित्रांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य पुरवठ्याच्या सुमारे निम्मे व्होल्टेज येऊ शकते. विद्युतप्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या जाणवतात, परंतु चालू संगणकाला मॉनिटर किंवा अन्य उपकरणाची केबल जोडताना एवढा प्रवाहही नाजूक परिपथास इजा करू शकतो. संगणक उघडल्यानंतर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर नवा भाग लावण्याआधी विद्युत तंत्रज्ञाकडून न्यूट्रल व अर्थिंग यांतील व्होल्टेज मोजून घेणे श्रेयस्कर असते. ते सामान्यतः काही व्होल्टच असावे लागते.

दुसरी बाब स्थिर विजेची. हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत येथील हवा कोरडी असते आणि उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्यांचे कपडे, गालिचा किंवा प्लॅस्टिकची खुर्ची यांच्या घर्षणाने शरीरावर विद्युतभार साठतो. सुमारे ३,००० व्होल्टपेक्षा कमी विसर्ग माणसाला सहसा जाणवत नाही, मात्र त्याहून पुष्कळ कमी विसर्गानेही रॅम किंवा प्रोसेसर निकामी होऊ शकतो. सुती कपडे घालणे, भाग त्याच्या संरक्षक पिशवीतून अखेरच्या क्षणी काढणे, तो केवळ कडेने धरणे व अर्थिंग केलेल्या धातूला अधूनमधून स्पर्श करणे हे सुलभ उपाय होत.

तिसरी बाब यूपीएस व इन्व्हर्टरची. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने दीर्घकाळ भारनियमन अनुभवले आणि घरोघरी तसेच दुकानांत इन्व्हर्टर व लहान यूपीएस आले. प्रचलित ६०० व्हीए यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता बहुधा ३६० वॅट असते. नवे ग्राफिक्स कार्ड लावल्यानंतर ती अपुरी पडून यूपीएस बंद होतो व दोष संगणकाचा आहे असे वाटते. काही स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देतात. तीवर काही नवे एसएमपीएस चालू होत नाहीत. अशा वेळी संगणक योग्य अर्थिंग असलेल्या भिंतीवरील जोडणीत थेट लावून पाहिल्यास उलगडा होतो.

धूळ ही चौथी बाब आहे. जुना संगणक प्रथमच उघडला जातो तेव्हा साचलेली धूळ रॅमच्या रिकाम्या स्लॉटमध्ये शिरलेली असते. नवी पट्टी लावण्यापूर्वी मऊ ब्रशने किंवा कोरड्या हवेच्या झोताने स्लॉट स्वच्छ केला जातो. तोंडाने फुंकर मारल्यास बाष्प आत जाते, म्हणून ते टाळले जाते.

== प्रशिक्षण, दुरुस्ती व ई-कचरा ==

संगणक हार्डवेअरच्या देखभालीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ या व्यवसाय अभ्यासक्रमात दिले जाते. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच नायलिटचे, केंद्र आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील ही संस्था इलेक्ट्रॉनिक्स व संगणक विषयांचे अभ्यासक्रम चालवते. पूर्वी हे केंद्र सीईडीटीआय या नावाने ओळखले जात असे.

एसएमपीएस उघडून दुरुस्त करणे हे प्रशिक्षित व्यक्तीचेच काम आहे. त्यातील धारित्रांवर सुमारे ३२० व्होल्टचा एकदिश दाब असतो व वीज बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. लॅपटॉपच्या बाबतीत आतील बॅटरीची जोडणी सोडवल्याशिवाय कोणताही भाग काढणे किंवा लावणे धोक्याचे असते. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन जोडलेली असल्याने ती बदलता येत नाही.

खरोखरच निकामी झालेल्या भागांची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेमार्फत लावणे अपेक्षित आहे. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. परंतु भाग निकामी आहे हे दुसऱ्या, सुसंगत व चालू स्थितीतील संगणकात लावून सिद्ध झाल्याशिवाय त्यास कचरा ठरवणे योग्य नसते. बदलानंतर बंद पडलेल्या संगणकातील पुष्कळसे ‘निकामी’ भाग दुसऱ्या संगणकात व्यवस्थित चालतात.

== हेही पाहा ==

* मदरबोर्ड
* बायोस
* यूईएफआय
* रँडम ॲक्सेस मेमरी
* सॉलिड-स्टेट ड्राइव्ह
* स्थिर विद्युत
* ई-कचरा